रूट कॅनालचे दात उपटून हार्ट अटॅक टळत नाही

रामबागकर
आपल्या मंडळाच्या ग्रुपवर परवापासून एक पोस्ट फिरतेय. रूट कॅनाल केलेला दात म्हणजे हृदयाशेजारी ठेवलेला सुतळी बॉम्ब, तो आजच काढून टाका, रोज तिळाच्या तेलाच्या गुळण्या करा, अटॅक फिरकणार नाही. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. काल सकाळी पोह्यांची बशी समोर असताना बाबांनी मला विचारलं, "माझ्या दोन्ही दाढा काढून टाकायच्या का रे?" ७४ वर्षांचे आहेत, त्याच दोन दाढांनी अजून शेव चावून खातात. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

हे खूळ जुनं आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत संधिवातापासून वेडापर्यंत सगळ्याचं मूळ दातांत शोधायचे आणि चांगले दात उपटायचे. ते टिकलं नाही. हिरड्या खराब असणाऱ्यांत हृदयविकार जास्त आढळतो, हे मी नाकारत नाही. १९८९ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी ते मांडलं होतं. पण तंबाखूने हिरड्याही जातात आणि हृदयही जातं, शुगरचंही तेच. २०१२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने तोवरचे अभ्यास तपासून सांगितलं की या गोष्टी वजा केल्या तरी संबंध उरतो, पण हिरड्यांमुळेच हा आजार होतो किंवा हिरड्यांच्या उपचाराने तो टळतो, असा पुरावा नाही. दात दातांसाठी सांभाळा. म्हाताऱ्या माणसांना हृदयाची भीती घालू नका.

सुदामानगरची सून
भीती घालू नका म्हणे! आमच्या घरी थोडी भीती असती तर बरं झालं असतं.

सासूबाईंना लहानपणी सांधे धरून ताप यायचा, त्यात हृदयाची झडप गेली. पुढे धातूची बसवली. मग डावीकडची खालची दाढ किडली. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, दाढ काढली तर रक्त थांबणार नाही, असं घरातल्यांनीच ठरवलं आणि पाच महिने त्या लवंग दाबून बसल्या. मग रोज संध्याकाळी बारीक ताप. टायफॉइड समजून औषधाचे दोन कोर्स झाले. शेवटी ब्लड कल्चर आणि इको केला तेव्हा कळलं, झडपेवर जंतूंचा पुंजका बसलाय. तोंडात असतात तेच जंतू. सहा आठवडे शिरेतून इंजेक्शनं. चौथ्या आठवड्यात हातावर शीर सापडेना, सिस्टर गरम पाण्यात पिळलेला फडका मनगटावर ठेवून वाट बघायची. आणि सासूबाई मलाच विचारायच्या, "तू दमलीस का गं?"

रामबागकर
ताई, वाचून वाईट वाटलं. पण तो एंडोकार्डायटिस. मी अटॅकबद्दल लिहिलंय. एकात झडपेला जंतुसंसर्ग होतो, दुसऱ्यात हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. दोन्ही एका पोत्यात भरू नका.

सुदामानगरची सून
मला नावं शिकवू नका, दादा. सहा आठवडे फाइलवर तेच नाव वाचत होते. तुमचा धागा वाचून एखादा झडपवाला म्हणेल, चला, दातांचा हृदयाशी संबंध नाही, आणि तोही लवंग दाबत बसेल. त्याचं काय?

छत्रीबाग
खरं कुणी बोलत नाही. हा सगळा दातवाल्यांचा धंदा आहे. बायकोला सफाई करून आणलं, पंधराशे गेले आणि आठ दिवसांत खालचे पुढचे चार दात हलायला लागले. आधी दगडासारखे होते. आता थंड पाणी पिता येत नाही. मशीनने दातावरचं आवरण खरवडून काढतात हो. आमच्या आजीने जन्मभर राखेने दात घासले, ऐंशीव्या वर्षी पेरू खायची.

एलआयजीतली दंतवैद्य
आवरण निघत नाही. दातांच्या मागे वर्षानुवर्षं जो कीट साचतो, त्याचा दगड होतो आणि खाली हाड झिजत जातं. तुमच्या घरच्यांचे ते चार दात हाडात नाही, त्या दगडात उभे होते. दगड काढला आणि आधीपासून हलत असलेले दात कळले. हिरडी उतरलेली असली की मूळ उघडं पडतं, म्हणून काही दिवस थंड लागतं.

छत्रीबाग
तुम्ही हेच म्हणणार! मग हे आधी का नाही सांगत? पैसे घेऊन झाल्यावर शहाणपण! ती आता आरशात बोटाने दात हलवून बघते आणि रडते. तुमच्या दगडाचं मला काय करायचंय?

जुनी इंदूरवाली
छत्रीबागवाले, जरा हळू. आजीच्या राखेचं खरं असेल, पण माझी आई मशेरी लावायची आणि पन्नाशीत तिच्या तोंडात एक दात नव्हता. एकेकाच्या आजीवरून नियम नका काढू. आणि महाग वाटत असेल तर सरकारी डेंटल कॉलेजात जा. माझी सफाई शिकणाऱ्या मुलीने केली, तासभर लागला, पण प्रत्येक दात आरशात दाखवला. गुटखाबंदी आपल्या एमपीत २०१२ मध्येच झाली, आणि आजही टपरीवर पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते. त्यावर कुणी धागा काढत नाही.

एलआयजीतली दंतवैद्य
छत्रीबाग, एवढं मान्य करते. दात हलतील, झोंबतील, हे सफाईच्या आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, ही चूकच.

आता मूळ मुद्दा. रामबागकर, रूट कॅनालबद्दल तुमचं बरोबर आहे, त्या भीतीने दात काढू नयेत. पण ताईंचं जास्त महत्त्वाचं आहे. २००८ मध्ये २९० जणांवर झालेला एक अभ्यास आहे. दात काढल्यावर १०० पैकी ६० जणांच्या रक्तात जंतू सापडले, आधी अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलेल्यांत ३३. आणि नुसतं ब्रश केल्यावर २३. ब्रश तर माणूस रोज करतो. म्हणून झडपवाल्यांना रोजचं स्वच्छ तोंड दाढ काढतानाच्या गोळीइतकंच गरजेचं आहे. कृत्रिम झडप असेल किंवा पूर्वी एंडोकार्डायटिस झाला असेल, तर दाढ काढण्याआधी अर्धा-एक तास अँटिबायोटिक द्यावं लागतं. माझ्याकडे येणारे अर्धे लोक झडपेचं सांगतच नाहीत. दाताला काय करायचंय, म्हणतात.

पलासिया
उलटंही होतं. भावाच्या हृदयाच्या नळीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळी, टाकून तीन महिने झाले होते. दाढ काढायची म्हणून शेजाऱ्याच्या सल्ल्याने त्याने क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन या रक्त गोठू न देणाऱ्या दोन्ही गोळ्या बंद केल्या. पाचव्या दिवशी स्टेंट तुंबला. वाचला, पण दोन जिने चढत नाही आता. कार्डिओलॉजिस्ट म्हणाले, दाढेचं रक्त कापूस दाबून थांबतं, टाका घालता येतो. तुंबलेल्या स्टेंटला कोणता कापूस लावणार?

एलआयजीतली दंतवैद्य
हेच. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही. अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, आधी बघतो आणि बहुतेकांची दाढ गोळी चालू ठेवूनच निघते. ताईंच्या सासूबाईंची पहिल्या महिन्यात निघाली असती. आणखी एक, बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्यांच्या हिरड्या कधी कधी सुजून दातांवर चढतात. लोक त्याला वय समजतात.

सुदामानगरची सून
पहिल्या महिन्यात. हे आज कळतंय मला.

रामबागकर
अ‍ॅम्लोडिपिनचं वाचून उठलो. बाबा नऊ वर्षं घेताहेत. मोबाइलचा टॉर्च लावून तोंड बघितलं. वरच्या पुढच्या दोन दातांच्या मधे हिरडी गाठीसारखी खाली आलीय, बोट लावलं तर रक्त. म्हणाले, "हे तर कधीपासूनच आहे." मी रोज त्यांच्यासमोर बसून पोहे खातो, मला दिसलं नाही.

अटॅकबद्दल लिहिलेलं मागे घेत नाही, त्या पोस्टबद्दलही नाही. पण ताई, झडपवाल्यांचं मी पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवं होतं. आता वर घालतो. उद्या बाबांना घेऊन जातो.

एलआयजीतली दंतवैद्य
गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्या. आणि अ‍ॅम्लोडिपिन स्वतःहून बंद करू नका.

छत्रीबाग
सरकारी कॉलेजात सफाई किती वाजता चालते? बायको विचारतेय.