रात्री पाण्याचा पंप आपोआप चालतो, पहाटे फर्नेस गार हवा फेकतो (२०१५चा सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर)

अमित_लान्सिंग

नमस्कार मंडळी. गेल्या ऑक्टोबरात एका निवृत्त जोडप्याकडून २२ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. मिशिगनचा हिवाळा ड्राइव्हवेत काढला, पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ होतंच. मे महिन्यात बाहेर काढला आणि कटकटी सुरू झाल्या.

पहिली रात्र मॅनिस्टीच्या जंगलात, म्हणजे वीज-पाण्याचं कनेक्शन काही नाही, सगळं टाकीतल्या पाण्यावर आणि बॅटरीवर. दिवे बंद करून झोपलो की दहा-पंधरा मिनिटांनी पंप "घुर्र" करून दोन सेकंद चालतो आणि थांबतो. रात्रभर हेच. आई साताऱ्याहून आली आहे. तिची झोप आधीच कमी, त्यात दर वेळी "कोण नळ सोडतंय रे?" म्हणून उठून बसते. सिंकखाली, बेडखाली हात फिरवून बघितला, सगळं कोरडं.

दुसरं, त्याच रात्री चारच्या सुमारास फर्नेस (ट्रेलरचा गॅसवरचा हीटर) बिघडला. पंखा फिरतोय, पण हवा गार. बाहेर दोन-तीन डिग्री सेल्सियस असेल. दोन्ही सिलिंडर भरलेले, शेगडी नीट पेटत होती. पुढच्या रात्री ट्रॅव्हर्स सिटीजवळ एका खासगी कॅम्पग्राउंडवर ३० अँपिअरला जोडलं, तर हाच फर्नेस सकाळपर्यंत ठणठणीत. तिथे पाण्याचा होजही थेट जोडला होता. ट्रेलरखालून सकाळी थोडं पाणी ठिबकत होतं, पण ते बहुतेक आदल्या दिवशीच्या पावसाचं. टाकीचा मीटरही बिघडलाय वाटतं. मी टाकी पाव भरली होती, तो 'फुल' दाखवतो.

माझा विचार असा: नवा पंप घ्यायचा, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी टाकायची आणि घरी गॅरेजच्या भिंतीवर ३० अँपिअरचा पॉइंट काढून घ्यायचा. एक हँडीमन येऊन बघून गेला. म्हणाला, "दोन पोलचा ३०चा ब्रेकर टाकतो, कपड्यांच्या ड्रायरला असतो तसा." भावही बरा सांगितला. शनिवारी येतोय. काही राहतंय का?

डेट्रॉइटकर

पंप बदलून टाक, विषय संपव. शंभर डॉलरच्या आत येतो, चार स्क्रू आणि दोन वायरी. खोलात जाऊ नकोस, समर छोटा असतो आपल्याकडे.

वायरवाली_मावशी

अमित, आधी शनिवार रद्द कर. बाकीचं नंतर वाच.

तुझ्या ट्रेलरचा तीन पिनांचा ३० अँपिअरचा प्लग १२० व्होल्टचा आहे. एक गरम, एक न्यूट्रल, एक अर्थ. ड्रायरचा पॉइंट २४० व्होल्टचा. ३० अँपिअर ऐकलं की ड्रायर समजून दोन पोलचा ब्रेकर टाकणारे इथे गावोगाव आहेत. सॉकेट अगदी बरोबर दिसतो, प्लग बरोबर बसतो, आणि आत कन्व्हर्टर (१२० व्होल्टचे १२ करून बॅटरी भरणारा), मायक्रोवेव्ह, फ्रिजचं बोर्ड एका दमात जळतं. तुला हवाय एकच पोलचा ३०चा ब्रेकर, १० गेजची तांब्याची वायर आणि टीटी-३० सॉकेट (ट्रेलरसाठीचा १२० व्होल्टचा). लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलाव, आणि त्यानेही काम केल्यावर ट्रेलर जोडायच्या आधी स्वतः मीटर लाव: गरम ते न्यूट्रल १२०, गरम ते अर्थ १२०, न्यूट्रल ते अर्थ जवळजवळ शून्य. कुठेही २४० दिसलं तर ब्रेकर पाड आणि त्याला परत बोलाव.

आता पंप. डेट्रॉइटकरांना काय, पैसे तुझे आहेत. तुझा टाकीचा मीटर बिघडलेला नाही आणि खालचं पाणी पावसाचं नाही. पाणी थेट होजने येत असताना न भरलेली टाकी भरते, भरून ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली ठिबकते. हे पाणी टाकीत शिरायला वाट बहुधा एकच, पंपातून उलटं. पंपात एनआरव्ही असतो, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, आपल्याकडे विहिरीच्या मोटरला असतो तोच, फक्त चिमुकला. तो नीट मिटत नसला की होजवर असताना टाकी भरते आणि टाकीवर असताना लायनीतलं प्रेशर हळूहळू टाकीत उतरतं. प्रेशर ठरावीक आकड्याखाली गेलं की पंपाचा स्विच लागतो. तुझ्या आईला रात्रभर ऐकू येतं ते हेच. दोन तक्रारी, कारण एक.

तरीही आधी बाकीच्या वाटा तपास, पाच मिनिटांचं काम आहे. टॉयलेटच्या भांड्यात बारीक धार येते का बघ. बाहेरच्या शॉवरचे दोन्ही नळ मिटलेत का? लोक नुसतं हँडशॉवरचं बटण दाबून ठेवतात. ट्रेलरखालचे दोन्ही ड्रेन घट्ट आहेत का, गीझरच्या बाहेरच्या बाजूचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो का. हे सगळं कोरडं निघालं की मग खरी परीक्षा. पाण्याचा होज जोड, पंप बंद ठेव, आणि टाकीकडून पंपात येणारी नळी पंपाच्या बाजूने सोडव. खाली पातेलं धर. पंपाच्या त्या उघड्या तोंडातून पाणी आलं तर एनआरव्ही गेला. नाही आलं तर मी खोटी. होजला प्रेशर रेग्युलेटर आहे ना? नसेल तर आधी तो घे. काही कॅम्पग्राउंडला ८०-१०० पीएसआय असतं, आणि ट्रेलरच्या पाइपांना ४० ते ५० पुष्कळ.

एनआरव्ही गेला म्हणजे पंप गेला असं नाही. वरचं झाकण चार-सहा स्क्रूंचं असतं. उघड, रबर पुसून बघ, बऱ्याचदा कचरा अडकलेला असतो. फाटलं असेल तर त्या मॉडेलचं झाकण सुटं मिळतं.

फर्नेसची गोष्ट वेगळी, पण कारण तूच लिहिलं आहेस: लाइनवर चालतो, बॅटरीवर पहाटे मरतो. फर्नेसला गॅस लागतो तसा १२ व्होल्टचा पंखाही लागतो, आणि तो साधारण ७ अँपिअर खातो. पंख्याच्या वाऱ्यापुढे एक पातळ पत्री असते, सेल स्विच. वारा पुरेसा जोरात आला तरच ती दाबली जाते आणि बोर्ड ठिणगी पाडतं. व्होल्टेज उतरलं की पंखा फिरतो पण रेंगाळत. पत्री दबत नाही, जाळ लागत नाही, गार हवा येत राहते. हे मुद्दाम केलेलं आहे. वारा नसताना जाळ लागला तर भट्टी नको तेवढी तापेल.

हिशेब कर. रात्री दहा ते चार, निम्मा वेळ पंखा चालला तरी २० अँपिअर-अवर गेले. त्यात संध्याकाळचे दिवे, गॅस डिटेक्टर, फ्रिजचं बोर्ड. ट्रेलरसोबत येणारी ग्रुप २४ची बॅटरी ७५-८० अँपिअर-अवरची, आणि लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवायची नसते. म्हणजे हातात जेमतेम ४०, तेही बॅटरी तरुण असताना. तिच्यावर तारखेचा स्टिकर असेल, कुठलं साल आहे?

आणि लिथियमची ऑर्डर देण्याआधी एकच माप घे. फर्नेसचा पंखा चालू असताना एकदा बॅटरीच्या खांबांवर व्होल्टेज घे आणि लगेच फर्नेसच्या मागच्या वायरींवर घे. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर चोर वायरींत आहे. अशा वेळी बॅटरी कितीही भारी आणलीस तरी फर्नेसला ती अर्धीमुर्धीच पोचणार.

बॅटरीला हात लावताना एक सांभाळ. भारतात घरच्या वायरिंगमध्ये काळी वायर म्हणजे न्यूट्रल, गाडीत काळी म्हणजे निगेटिव्ह. ट्रेलरच्या १२ व्होल्टमध्ये बहुतेक काळी ही पॉझिटिव्ह असते आणि पांढरी निगेटिव्ह. रंगावर जाऊ नकोस, मीटर लाव. उलटी जोडलीस तर कन्व्हर्टरच्या पॅनेलमधले उलट-ध्रुवाचे फ्यूज उडतील आणि मग दिवे का लागत नाहीत म्हणून इथेच परत विचारशील.

माझे वडील इचलकरंजीत मागाच्या मोटरी रिवाइंड करायचे. दुकानात गिऱ्हाईक "मोटर जळली" म्हणत आलं की ते आधी त्याच्या कारखान्यातली फेज मोजून यायला सांगायचे. अर्धी गिऱ्हाइकं परत यायची नाहीत. धंदा कमी व्हायचा, आई चिडायची.

सनीव्हेलचा_सोपान

मावशी, सगळं मान्य, पण लिथियमला एवढं नाक मुरडू नका. १०० अँपिअर-अवरची एलएफपी (लिथियमचाच एक प्रकार) बॅटरी वजनाला लेड-अ‍ॅसिडच्या निम्मी आणि जवळजवळ सगळी वापरता येते. शिवाय शेवटपर्यंत १३ व्होल्टच्या आसपास टिकून राहते, म्हणजे तुमची ती सेल स्विचची पत्री पहाटेही दबेल. माझा फर्नेस सिएराच्या डोंगरात रात्रभर चालतो.

वायरवाली_मावशी

सोपानराव, नाक मुरडत नाही, घेऊ दे की. पण तुम्ही कॅलिफोर्नियात, हा मिशिगनमध्ये. लिथियम पेशी शून्य डिग्री सेल्सियसखाली चार्ज करायच्या नसतात. चांगल्या बॅटरीचं बीएमएस (आतलं राखण करणारं सर्किट) तेव्हा चार्जिंग स्वतःच तोडतं, स्वस्तातल्या सगळ्यांत ती सोय असतेच असं नाही. पुढच्या दांड्यावरच्या उघड्या खोक्यात ठेवायची तर आतून तापणारी घ्या, नाहीतर ट्रेलरच्या आत जागा करा.

दुसरं म्हणजे त्या काळातले बरेच कन्व्हर्टर १३.६ व्होल्टच्या आसपासच घुटमळतात. लिथियमला भरायला १४.४ लागतात. म्हणजे कन्व्हर्टरही बदलायचा. गाडीच्या सात पिनांच्या प्लगमधून चार्ज करायचं म्हटलं तर मध्ये डीसी-डीसी चार्जर (करंट आवरून बॅटरी भरणारा) हवा, नाहीतर ती बॅटरी बारीक वायरीतून जमेल तेवढा करंट ओढत बसते. हा सगळा खर्च धरून मग भाव सांगा. माझ्या ट्रेलरला गोल्फकार्टच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, सिरीजमध्ये. वजन बैलासारखं, पण २०० अँपिअर-अवरच्या वर मिळतात आणि जुन्या कन्व्हर्टरला कळत पण नाही काही बदललंय म्हणून.

डेट्रॉइटकर

आणि दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार? 🙂

वायरवाली_मावशी

मिस्टर घालतात. ट्रेलर ते चालवतात, पाणी ते घालतात, पाना माझ्याकडे.

अमित_लान्सिंग

मावशी, साष्टांग नमस्कार. हँडीमनला फोन करून एक पोल म्हटलं तर तो माझ्याशीच वाद घालायला लागला, "३० म्हणजे २४०च." त्याला नको सांगितलं. लायसन्सवाल्याने काल काम केलं, त्याला विचारावंही लागलं नाही. मीटरवर १२१, १२१ आणि शून्य.

पंप: टॉयलेट, शॉवर, ड्रेन सगळं कोरडं. रेग्युलेटर लावून होज जोडला, नळी सोडवली, आणि पंपाच्या तोंडातून पेन्सिलीएवढी धार पातेल्यात. झाकण उघडलं तर एनआरव्हीच्या रबराखाली पांढऱ्या प्लॅस्टिकचा वळलेला किस, नखाएवढा. टाकीला भोकं पाडताना पडलेला असणार, इतकी वर्षं टाकीत फिरत असावा. पंपाआधीची गाळणी काढून बघितली, तर तिची जाळी एका कडेने फाटलेली. नवी गाळणी लावली, किस काढला. दोन रात्री ड्राइव्हवेत झोपून बघितलं, पंप गप्प. आईने सकाळी विचारलं, "नळ दुरुस्त केलास का?"

फर्नेस: बॅटरीवर स्टिकर २०१८चा. पंखा चालू असताना बॅटरीवर १२.१, फर्नेसपाशी ११.०. मी दोनदा मोजलं. बॅटरीची निगेटिव्ह दांड्याजवळ एका बोल्टने चासीला जोडलेली आहे, तिथला लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) गंजून हिरवा-पांढरा झाला होता. सोडवला, तारेच्या ब्रशने लोखंड चमकेपर्यंत घासलं, नवा लग लावला. आता फर्नेसपाशी ११.८.

बॅटरी बदलायचीच आहे, पण कुठली ते सोपानराव आणि तुम्ही भांडून ठरवा. तोवर एक शेवटची शंका. आई म्हणते गरम पाणी कोमटच येतं, अंगावर घेण्यासारखं नाही. गीझर गॅसवर पेटतो, बाहेर जाळ दिसतो, एक्झॉस्ट कडक गरम. वीज आणि गॅस दोन्हीवर चालणारा आहे. दोन्ही एकदम लावू का?

वायरवाली_मावशी

११.० वरून ११.८, तेही वीस सेंटच्या लगवर. छान. पण त्या २०१८च्या बॅटरीवर अजून फार विसंबू नकोस.

दोन्ही एकदम लावून उपयोग नाही. गीझरच्या मागे, आतल्या बाजूला, फळी काढलीस की तीन छोटे व्हॉल्व्ह दिसतील. हिवाळ्यात अँटिफ्रीझ गीझरमध्ये वाया जाऊ नये म्हणून त्याला वगळायची ती सोय आहे. कुणीतरी मधला अर्धवट उघडा ठेवलाय, त्यामुळे गार पाणी परस्पर गरम लायनीत मिसळतंय. वरची आणि खालची मूठ पाइपाच्या रेषेत हवी, मधली आडवी. काही ट्रेलरना एक किंवा दोनच मुठी असतात, मग फिरवून बघ कुठे काय होतं ते.

आणि विजेचं बटण दाबायच्या आधी गरम पाण्याचा नळ सोडून बघ. फुसफुस थांबून धार सलग आली की टाकी भरली समजायचं. रिकाम्या टाकीत तो हीटिंग एलिमेंट काही मिनिटांत जळतो.