लोगो पूर्ण बदलायचा की जुनाच सुधारायचा?

रिकामी_ओळ
आमचा डेस्कटॉप प्रोग्राम जीपीएल ३ या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली आहे. लोगोत ग्रेडियंट (हळूहळू बदलणारी रंगछटा), बारीक रेषा आणि प्रकल्पाचं पूर्ण नाव. फेविकॉनला (ब्राउझर टॅबवरचं छोटं चिन्ह) नुसता राखाडी ठिपका उरतो, डार्क थीमवर नाव गायब. एकाने अगदी नवा लोगो पुल रिक्वेस्टमधून (बदल घेण्याच्या विनंतीतून) पाठवलाय आणि खाली फक्त ‘छान’ आणि ‘जुनाच बरा’ चाललंय. मतदान घ्यावं का? मर्ज करण्याआधी (बदल मूळ प्रकल्पात घेण्याआधी) काय तपासायचं?

पिक्सेलपाटी
मतदान आत्ता नको. लोगोवर मत द्यायला कोड वाचावा लागत नाही, म्हणून असे धागे संपत नाहीत. आधी अटी ठरवा आणि दोन्ही लोगो त्यांवर तपासा: १६ × १६ पिक्सेलमध्ये आकार ओळखू येतो का, एकाच रंगात टिकतो का (टास्कबारच्या कोपऱ्यातल्या ट्रे आयकॉनला तेच लागतं), पांढऱ्या आणि गडद अशा दोन्ही पार्श्वभूमींवर किमान ३:१ कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) मिळतो का.

५१२ पिक्सेलचं चित्र थेट १६ वर आणू नका. रेषांच्या कडा दोन पिक्सेलांच्या मध्ये पडतात आणि सगळं धूसर होतं. लहान आकारासाठी वेगळी एसव्हीजी (आकार बदलला तरी न फाटणारी चित्रफाइल) काढा: नाव वगळा, तपशील कमी करा, रेषा पूर्ण पिक्सेलवर बसवा. तुमचं वर्णन वाचून तरी वाटतं, ग्रेडियंट आणि नाव काढलं की जुन्यावरच भागेल.

कलम_सहा
दिसण्याइतकाच परवान्याचा प्रश्न आहे. चित्राचा कॉपीराइट ते चित्र काढणाऱ्याचा असतो, त्यामुळे परवाना पुल रिक्वेस्टमध्येच स्पष्ट लिहून घ्या. सीसी बाय-एसए ४.० हा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना चालेल, त्याखालचं साहित्य जीपीएल ३ मध्ये घेता येतं, फक्त जीपीएल २ असलेल्या प्रकल्पात नाही. अक्षरं असतील तर फॉन्टचा परवानाही बघा. अक्षरांचे पाथ (साध्या रेखाकृती) करून निर्यात करा, नाहीतर ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे भलतंच दिसेल. संपादन करता येईल अशी मूळ फाइलही रेपोत (प्रकल्पाच्या फाइलसाठ्यात) हवीच.

ट्रेडमार्क ही आणखी वेगळी बाब. नाव आणि लोगो वापरण्याचे नियम फार आवळले तर डिस्ट्रो (प्रोग्राम एकत्र करून लिनक्स वाटणारे प्रकल्प) अडतात. फायरफॉक्सचा लोगो आणि ट्रेडमार्कच्या अटी डेबियन या डिस्ट्रोला मान्य झाल्या नाहीत, म्हणून तिथे २००६ ते २०१६ तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ या नावाने होता.

रिकामी_ओळ
परवान्याचं आजच विचारतो. मर्ज केल्यावर काय मोडू शकतं?

बिल्डवाला
जुन्या फाइलचा पत्ता हलवू नका. बाहेरच्या विकी आणि लेखांत थेट तीच लिंक असते, तिथली चित्रं तुटतात. लिनक्सवर एसव्हीजी हायकलर या मूळ आयकॉन थीमच्या ‘स्केलेबल/अ‍ॅप्स’ फोल्डरात जाते. फाइलचं नाव डेस्कटॉप फाइलमधल्या (प्रोग्रामची मेन्यूतली नोंद) आयकॉनच्या ओळीशी जुळलं नाही तर मेन्यूत साधा चौकोन दिसतो. विंडोजच्या आयको या आयकॉन फाइलमध्ये १६, ३२, ४८ आणि २५६ हे चारही आकार भरा. विंडोज आयकॉन कॅशेत (तात्पुरत्या साठ्यात) ठेवतं, त्यामुळे ‘बदललाच नाही’ असे बग नोंदवले जातील, ते लगेच बंद करा.

बदल मोठ्या आवृत्तीतच करा, छोट्या दुरुस्तीच्या पॅचमध्ये नको. जुन्या आवृत्त्या धरून ठेवणाऱ्या स्थिर डिस्ट्रोंवर जुना लोगो पुढे काही वर्षं दिसणारच. आणि मूळ रंग सोडू नका: टास्कबारवर लोक आयकॉन रंगावरूनच शोधतात. व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या कोड एडिटरने २०१७ मध्ये निळा आयकॉन नारिंगी केला, तक्रारींचा पाऊस पडला आणि त्याच वर्षी पुन्हा निळ्यावर यावं लागलं. तुम्ही आधी रोज तयार होणाऱ्या चाचणीच्या नाइटली बिल्डमध्ये टाका. तिथे ओरड झाली तर एक कमिट (नोंदवलेला बदल) मागे घेऊन काम होतं.