पहिल्याच चोरीत सापडलेल्या मुलाला न्यायालयात न्यावे का?

प्रश्न: किरकोळ चोरीत पहिल्यांदाच सापडलेल्या चौदा वर्षांच्या मुलावर पोलिसांनी खटला भरावा, की त्याला समज देऊन सोडावे?

प्रतिसाद १: संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या बीजिंग नियमांनुसार (अल्पवयीन आरोपींना कसे वागवावे याविषयीचे नियम) पालकांना तत्काळ कळवावे लागते आणि योग्य तेथे खटल्याऐवजी अन्य मार्ग विचारात घ्यावा लागतो, १९८९ च्या बालहक्क करारानुसार तर अटक हा अखेरचा उपाय आहे, आणि तोही कमीत कमी काळापुरता.

प्रतिसाद २: पण ज्याची वस्तू गेली, त्याचे काय? नुसती समज मला अपुरी वाटते.

प्रतिसाद १: रास्त आहे. म्हणूनच मुलाने त्या माणसासमोर बसून, नजर वर करून माफी मागावी, नुकसान भरून द्यावे, आणि साध्या वेशातील प्रशिक्षित अधिकाऱ्याने पुढेही त्याची शाळा सुटली नाही ना, हे आस्थेने पाहावे.