ओपन ऑफिसात संवाद वाढतो, हे खरंच कुणी अनुभवलंय का?

खराडीकर
गेल्या वर्षी आमची क्युबिकल्स काढली. आता एका लांब टेबलाला आम्ही चौदा जण. डावीकडे सपोर्टवाले दिवसभर कॉलवर, पाठीमागून पॅन्ट्रीची वाट. किचकट बग जरा हाती लागतोय असं वाटतं, तेवढ्यात कुणीतरी खांद्याला हात लावतं, "दोन मिनिटं आहेत?" ती दोन मिनिटं मला अर्ध्या तासाला पडतात. परवा आईच्या रिपोर्टबद्दल डॉक्टरांचा फोन आला, तो जिन्यात उभं राहून घेतला. संवाद वाढावा म्हणून हे केलं म्हणतात. मग सगळ्यांच्या कानांत हेडफोन का?

सेकंड शिफ्ट
मला नाही पटत. नवीन लागले तेव्हा शेजारची सीनियर चिडलेल्या क्लायंटशी कशी बोलते, ते ऐकून ऐकून मी शिकले. ती केबिनमध्ये असती तर दार वाजवायची हिंमत झाली नसती. बाबांच्या कचेरीत साहेबांना भेटायला आधी शिपायाच्या हाती चिठ्ठी द्यावी लागायची. ती दारं परत नकोत.

खराडीकर
साहेबांची केबिन मीही मागत नाहीये. पण २०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दोन मोठ्या कंपन्यांतल्या लोकांना सेन्सर लावून मोजलं. भिंती काढल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. आमच्याकडेही शेजारी बसलेला माणूस चॅटवरच विचारतो. मोठ्याने बोललं तर बाकीच्या बारा जणांना त्रास, हे त्यालाही कळतं.

पेरोलवाली
माझी अडचण वेगळी आहे. स्क्रीनवर सगळ्यांचे पगार आणि मागून सतत ये-जा. कुणी जवळ आलं की विंडो खाली करते, दिवसभर तेच. शिवाय एकाला सर्दी झाली की आठवड्यात अख्खी रांग शिंकते. मार्च २०२० मध्ये सोलच्या एका कॉल सेंटरमध्ये एकाच मजल्यावरच्या २१६ पैकी ९४ जणांना कोविड झाला होता, बहुतेक सगळे मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे. तेव्हा लावलेले काचेचे पडदे आमच्याकडे मात्र कधीच काढून टाकले.

सेकंड शिफ्ट
पगाराचं काम उघड्यावर नको, हे मान्य. पण त्यासाठी सगळ्यांनाच कोंडू नका. फ्रेशर्सना सीनियरच्या शेजारीच बसू द्या.

खराडीकर
बसू द्या ना. सपोर्टची टीम वेगळ्या खोलीत हलवा आणि फोनसाठी दोन छोट्या बंद खोल्या द्या, एवढंच अॅडमिनला लिहून दिलंय. तीन महिने झाले, उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाच्या ऑफिसात हे मिळालं असेल तर कसं मिळवलं ते सांगा.