मांडवावरचा घेवडा निबर झालाय, पाच-सहा किलो आहे, काय करू?

वाईची_परसबाग
परड्यात मांडवावर घेवडा चढवलाय, यंदा वेल असला माजलाय की विचारू नका. पण लेकीच्या बाळंतपणासाठी वीस दिवस पुण्यात होते आणि ह्यांना शेंगा तोडायचं सुचलंच नाही, रोज चहा घेऊन मांडवाखालीच बसायचे म्हणे, वर कोण बघतंय. आल्यावर बघते तर सगळ्या शेंगा निबर! मोडायला गेलं की कटकन मोडत नाही, नुसती वाकते आणि शिरा दोऱ्यासारख्या लोंबतात. काल हट्टाने भाजी केली, कुकरला चार शिट्ट्या दिल्या तरी प्रत्येकाच्या ताटाच्या कडेला चोथ्याचा ढीग. टाकवत नाहीत हो. फ्रीजरमध्ये ठेवू का? एका व्हिडिओत मिठाच्या पाण्यात बरणीत भरून ठेवलेल्या पण बघितल्या.

कोरेगावचा_गडी
आधी कुठला घेवडा ते सांगा. दाण्याच्या कडेला पांढरी जाड रेघ उठून दिसत असेल तर पावट्याची जात. राजम्यासारखा असून अंगावर तांबडे पट्टे असतील तर आमचा वाघ्या, त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे बरं का 😄 आणि वाघ्या खायचा तो वाळवूनच, त्यामुळं निबर झाला म्हणून रडायचं काय, दाणा भरला म्हणा.

वाईची_परसबाग
दोन्ही नाही. दाणा चांगला मोठा, जांभळा आणि त्यावर काळे ठिपके, फुलं लालभडक. भाच्याने ऑनलाइन बी मागवून दिलं होतं. उन्हाळ्यात नुसती फुलं गळायची, शेंगा पावसाळ्यातच धरल्या.

मिरजेची_मावशी
अगं मग हा रनर बीन! थंड हवेतला वेल आहे तो, उन्हाच्या तडाख्यात शेंग धरत नाही. राजम्याचाच चुलतभाऊ समज. टरफलाचा नाद सोड, ते कंपोस्टला घाल, दाणे सोल. ओले असतील तर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकायचे, लगेच गार पाण्यात, फडक्यावर कोरडे करून पिशवीत पसरून फ्रीजरला. ज्या शेंगा वेलावरच पिवळ्या पडायला लागल्यात त्या राहू देत, हलवल्यावर खुळखुळ वाजल्या की काढ. परतीचा पाऊस आला तर मात्र वेलासकट घरात टांग, नाहीतर आतला दाणा तिथंच मोड काढतो.

बरणीचं मनातनं काढून टाक. शेंगेत आंबटपणा नसतो, नुसतं मिठाचं पाणी घालून बरणी उकळली तरी बोटुलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जंतू तगून राहतात, वासावरनं कळत पण नाही. व्हिनेगरचं लोणचं वेगळं, पण ते कोवळ्या शेंगेचं.

तासगावची_सून
एक सांगायचं राहिलं, हे दाणे अर्धकच्चे अजिबात खाऊ नका. माझ्या सासऱ्यांनी एकदा राजमा चुलीवर मंद आचेवर ठेवला आणि "झाला, झाला" करत वाढला, रात्रभर घरात उलट्या. रात्री भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात दहा मिनिटं तरी खळखळून उकळायचा आणि मग कुकर.
वाळवलेल्याला भुंगा लागतो. नख रुतेना इतका वाळला की डबा चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवते मी, अंडी मरतात. आमच्या आत्याबाई राख चोळून गाडग्यात भरायच्या, तेही टिकायचं पण धुताना जीव जायचा.

कोरेगावचा_गडी
आणि वेल मुळासकट उपटू नका, त्याला खाली गड्डा धरतो, जगला तर पुढच्या वर्षी त्यातनंच फुटंल.

वाईची_परसबाग
बरं झालं विचारलं, मी उद्या उपटणारच होते. ह्यांना सोलायला बसवलंय, अर्धी पाटी झाली. थोडे ओले दाणे काल भरपूर उकळून मग कुकरला लावले आणि कांदा-लसूण मसाला घालून आमटी केली, बटाट्यासारखा पिठूळ दाणा लागतो. चार भाकऱ्या खाल्ल्या आणि वर मलाच म्हणतात, बघ, मी तोडल्या नाहीत म्हणून हे खायला मिळालं!