मोतीबिंदू लांबवता येतो का? मदत हवी आहे (इंदूर)

रामबागवाली: आजीला झाला होता, आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. आता मला रात्री समोरच्या हेडलाइटभोवती तारे फुटल्यासारखं दिसतं. डॉक्टर म्हणाले, "सुरुवात आहे, वर्षाने या." दोन मिनिटांत बाहेर! विजयनगरहून रात्री अकराला स्कूटीने घरी येते, भीती वाटते. काय खायचं, काय सोडायचं, लवकर सांगा.

राजेंद्रनगरकर: वय? शुगर? तंबाखू-सिगरेट? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

मालवी_मावशी: रोज एक आवळा खा आणि त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धू. मी बारा वर्षं करतेय. ७१ वय, अजून ऑपरेशन नाही.

चष्मेघर: आवळा खा, पण घरचं पाणी डोळ्यात नको, इन्फेक्शन होतं. भिंगातलं प्रथिन गढुळलं की अंड्याच्या शिजलेल्या पांढऱ्यासारखं, परत पारदर्शक होत नाही.

मालवी_मावशी: मला बारा वर्षांत एकदाही इन्फेक्शन झालेलं नाही.

बडोदेकर: आईला लेन्स कोणती बसवली? मोनोफोकल (एकाच अंतराची) की मल्टिफोकल (जवळ-लांब दोन्हीची)? बाबांचं ऑपरेशन गुरुवारी आहे.

रामबागवाली: वय ४३. शुगर नाही, व्यसन नाही. दिवसभर कॉम्प्युटरसमोर असते. ब्लू लाइटचा चष्मा घेऊ? डोळ्यांसाठी विकतात त्या ल्युटीनच्या गोळ्या?

चष्मेघर: स्क्रीनमुळे मोतीबिंदू होत नाही. त्या पैशात उन्हासाठी यूव्ही ४०० (अतिनील किरण अडवणारा) गॉगल घ्या, दुपारी टोपी घाला. ल्युटीनचं म्हणाल तर अमेरिकेतल्या आरेड्स-२ अभ्यासाचा निकाल २०१३मध्ये आला, एकूण पाहता मोतीबिंदूची ऑपरेशनं काही कमी झाली नाहीत. पालेभाजी खा.

राजेंद्रनगरकर: ४३ म्हणजे लवकरच. दम्याचा पंप, सांधेदुखीच्या गोळ्या, कसलंही स्टेरॉइड चालू आहे का?

रामबागवाली: नाही हो. फक्त धुळीने डोळे खाजतात त्याचे साधे थेंब. पाचेक वर्षं झाली, मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो.

राजेंद्रनगरकर: बाटली हातात घ्या आणि त्यावर काय छापलंय ते वाचून सांगा.

रामबागवाली: डेक्सामेथासोन.

राजेंद्रनगरकर: ताई, हेच स्टेरॉइड. माझ्या धाकट्या भावाने असेच थेंब चार वर्षं घातले, ३८व्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. याने डोळ्याचा दाबही वाढतो, त्यातून काचबिंदू. मोतीबिंदू काढता तरी येतो, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. वर्षभर थांबू नका. उद्याच बाटली घेऊन जा, दाब मोजायला सांगा. थेंब कसे बंद करायचे तेही तिथेच विचारा. आणि शुगर "नाही" म्हणता, शेवटची कधी तपासली?

रामबागवाली: तपासलीच नाही कधी. थेंबांचं मी डॉक्टरांना सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. पाच वर्षं, हो! खाजेचं काय करू मग?

चष्मेघर: चोळू नका. स्वच्छ रुमाल गार पाण्यात भिजवून मिटल्या डोळ्यांवर ठेवा. स्कूटीवर हेल्मेटची काच खाली. ॲलर्जीला स्टेरॉइड नसलेले थेंबही असतात, डॉक्टर लिहून देतील.

मालवी_मावशी: पोरी, त्रिफळा राहू दे. आधी दाब मोजून ये. आणि रात्री एकटी गाडी चालवू नकोस, कुणाला तरी घ्यायला बोलाव.

बडोदेकर: लेन्सचं कोणी सांगेल का?

रामबागवाली: आईला मोनोफोकल. लांबचं स्वच्छ दिसतं, पोथीला चष्मा लागतो. सकाळी दहाची वेळ मिळाली आहे, भाऊ सोडायला येतोय.