मदत हवी आहे: भरती-सुकतीचं मॅशअप, नववीच्या वर्गासाठी

मंडळी, मी देवगड तालुक्यात नववीला भूगोल शिकवते. समुद्र शाळेपासून हाकेच्या अंतरावर, तरी मुलं भरती-ओहोटी आकृतीवरून पाठ करतात. घरी आजोबांना तिथी विचारा, ते तिची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.

मला हे सगळं एका नकाशावर आणायचंय, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणची माहिती एकत्र जोडून केलेलं मॅशअप. विजयदुर्गापासून वाघोटन खाडीने आत जाताना ठिकठिकाणी मुलं पूर्ण भरतीची वेळ टिपतील आणि ऑनलाइन शीटमध्ये भरतील. (नातेवाईक सगळ्यांचेच खाडीकाठी आहेत, ती अडचण नाही.) बिंदूवर टिचकी मारली की तीन वेळा शेजारी-शेजारी दिसाव्यात: भरतीच्या छापील कोष्टकातली, पाऊणपटीची आणि मुलांनी पाहिलेली. खाडीत आत भरती उशिरा पोचते, हे मी सांगायच्या आधी त्यांना आकड्यांतून कळावं. तयार ॲप दाखवून भागलं असतं तर धागा काढलाच नसता.

प्रशिक्षणातली जुनी पुस्तिका यासाठी याहू पाइप्स हे माहिती जोडायचं साधन वापरा म्हणते. ते २०१५ मध्येच बंद झालं. गूगल मॅप्सचा एपीआय (आपल्या पानात त्यांचा नकाशा जोडायची सोय) २०१८ पासून बिलिंग खातं मागतो, आणि शाळेच्या नावावर कार्ड कोण काढणार! म्हणून ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावर चालणारं यूमॅप घेतलं. हाताने टाकलेले बिंदू नीट दिसतात. शीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले रकाने असलेली साधी फाइल) म्हणून प्रकाशित करून तिचा दुवा दिला की नकाशा कोरा. कशामुळे?

शिवाय, भरतीची कोष्टकं सर्व्हे ऑफ इंडिया छापतं, पण ती थेट नकाशाला जोडता येतील का?

प्रतिसाद १
बाई, तीन गोष्टी बघा. रकान्यांची नावं रोमन लिपीत लॅट आणि लॉन हवीत, 'अक्षांश' लिहिलेलं यूमॅपला कळत नाही. आकडेही इंग्रजी हवेत. मुलं फोनवर मराठी कीबोर्डने भरत असतील तर तिथेच अडतंय. आणि रिमोट डेटाच्या (बाहेरच्या दुव्यावरून येणाऱ्या माहितीच्या) सेटिंगमध्ये प्रॉक्सी, म्हणजे यूमॅपच्या सर्व्हरमार्फत डेटा आणायची सोय, चालू करा, नाहीतर दुसऱ्या साइटवरचा डेटा ब्राउझर अडवतो.
कोष्टक मुलांकडूनच उतरवून घ्या. महिन्याभराचं काम फार नाही, आणि भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते हे उतरवतानाच लक्षात येतं. मुलांच्या घरांचे बिंदू मात्र टाकू नका. जेटी, पूल, साकव पुरे.

प्रतिसाद २
पाऊणपट वद्यातही प्रतिपदेपासूनच मोजायची. तिथी सूर्योदयाची धरा, नाहीतर अर्धा वर्ग षष्ठी धरेल आणि अर्धा सप्तमी. वेळेसोबत पाण्याच्या उंचीचाही रकाना ठेवा. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग (पाण्याचा चढ-उतार सर्वांत कमी असतो तो काळ) नुसत्या वेळेवरून दिसायचा नाही. उधाणाला मुलांना जेटीच्या कडेला उभं करू नका, एवढं सांगून ठेवतो.

धागाकर्ती
आकडे मराठीतच होते! बदलल्यावर बिंदू आले. एका गटाने अक्षांश-रेखांश उलटे भरलेत, त्यांचं विजयदुर्ग नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात गेलंय. ते मी तसंच ठेवलंय, उद्या तास त्यावरूनच सुरू करते.
उंचीचा रकाना घालते. आता एकच राहिलं: पावसात इथलं नेट दिवस-दिवस नसतं. हा नकाशा वर्गात नेटशिवाय कुणी चालवलाय का?